रक्त नेमके किती? डायलिसिसच्या खाटेपर्यंत पोहोचलेला एक जुना प्रश्न

🧵 थ्रेड

१/
डायलिसिस विभागात एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसते. तीन-साडेतीन तास रुग्ण निवांत पडून असतो. मग जांभया येऊ लागतात, घाम फुटतो, पोटरीत पेटके येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. परिचारिका धावत येते, खाटेची पायाकडची बाजू वर करते आणि नळीतून सलाईन सोडते. रक्तदाब कोसळलेला असतो. यंत्राने मात्र ठरल्याइतकेच पाणी काढलेले असते. मग चुकले कुठे?

२/
उत्तर एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नात दडले आहे. त्या क्षणी रुग्णाच्या रक्तवाहिन्यांत नेमके किती रक्त होते? माणसाच्या अंगातील रक्त मोजण्याच्या या खटपटीला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात शिरच्छेद झालेले गुन्हेगार आहेत, विषारी वायू आहे, जळवा आहेत, किरणोत्सर्गी क्रोमियम आहे. आणि एक असा माणूस आहे, ज्याचे नाव कृत्रिम मूत्रपिंडाच्या आणि रक्तमापनाच्या, अशा दोन्ही कथांच्या आरंभी येते.

३/
आधी प्रश्न समजून घेऊ. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाने प्यायलेले पाणी बाहेर पडत नाही; ते अंगात साचते. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात वजन दोन-तीन किलोने वाढणे नित्याचे. हे पाणी सुमारे चार तासांत काढावे लागते आणि ते थेट रक्तातूनच काढावे लागते. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त सुमारे पाच लिटर. त्यातला द्रव भाग, म्हणजे रक्तद्रव, जेमतेम तीन लिटर. तीन लिटरमधून तीन लिटर काढले तर उरणार काय?

४/
माणूस तरीही जगतो, कारण रक्तवाहिन्यांबाहेरच्या ऊतींत साचलेले पाणी सतत रक्तात झिरपत असते. रक्तातील प्रथिने ते ओढून घेतात. उन्हाळ्यातली विहीर डोळ्यांपुढे आणावी. पंप पाणी उपसतो आणि तळाचे झरे ते भरून काढतात. उपसा झऱ्यांच्या वेगात राहिला तर पातळी टिकते. उपसा वाढला की भोवतालच्या जमिनीत पाणी असूनही विहीर कोरडी पडते. डायलिसिसमध्ये रक्तदाब कोसळतो तो बहुधा असाच.

५/
म्हणजे डॉक्टरांना विहिरीची पातळी दिसायला हवी. पण जिवंत माणसाची विहीर झाकलेली असते. १८५०च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञांनी हे झाकण अत्यंत क्रूर मार्गाने उघडले. लेहमान आणि वेबर यांनी मृत्युदंड झालेल्या दोन गुन्हेगारांचे वजन शिरच्छेदापूर्वी केले आणि नंतरही केले. त्यानंतर रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून उरलेले रक्त धुऊन काढले आणि त्याचा हिशेब मांडला. उत्तर आले: रक्त म्हणजे शरीराच्या वजनाचा सुमारे आठवा हिस्सा.

६/
हेर्मान वेल्कर याने त्याच दशकात अधिक काटेकोर रीत आणली. शरीरातून धुऊन काढलेल्या पाण्याचा लाल रंग पाहायचा आणि ठाऊक प्रमाणात पातळ केलेल्या रक्ताच्या रंगाशी त्याची तुलना करायची. बिशोफ याने ही रीत मृत्युदंड झालेल्यांच्या देहांवर वापरली. या वेळी उत्तर आले सुमारे तेरावा हिस्सा. आजच्या मापनाशी हेच उत्तर सर्वांत जवळचे ठरते. पण ही रीत रुग्णाच्या काय कामाची? मोजण्यासाठी माणूस मृत असावा लागे.

७/
जिवंत माणसाचे रक्त मोजण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि लोरेन स्मिथ यांनी त्यासाठी चक्क कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निवडला. हा वायू हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो. ठरावीक, निर्धोक मात्रेत तो हुंगायला द्यायचा, मग बोटातून थोडेसे रक्त घेऊन त्यातील हिमोग्लोबिनच्या किती हिश्शाला वायू चिकटला ते पाहायचे. हिस्सा जितका कमी, तितके एकूण रक्त जास्त.

८/
त्यांचे उत्तर होते वजनाचा सुमारे विसावा हिस्सा. आता या तीन उत्तरांतले अंतर पाहा. ६५ किलो वजनाच्या माणसात पहिल्या हिशेबाने रक्त ८ किलोच्या वर, दुसऱ्याने ५ किलो आणि तिसऱ्याने ३ किलोंहून थोडे अधिक. एकाच माणसाचे रक्त एका रीतीने दुसरीच्या अडीचपट! हॉल्डेन यांचा आकडा कमी निघाला होता. पुढे सुधारलेल्या उपकरणांनी तो वाढला. त्यांच्या रीतीमागचे तत्त्व मात्र खरे ठरले आणि आजही टिकून आहे.

९/
ते तत्त्व घरातल्या रांजणावर समजते. रांजणात पाणी किती, हे न उपसता सांगायचे आहे. मग चमचाभर नीळ मोजून टाकावी, पाणी ढवळावे, पेलाभर बाहेर काढावे आणि निळाई किती फिकी झाली ते पाहावे. जितकी फिकी, तितके पाणी जास्त. याला विरलनाचे तत्त्व म्हणतात. अट एवढीच की नीळ सगळीकडे सारखी मिसळली पाहिजे आणि रांजणातून झिरपून जाता कामा नये.

१०/
आता कथा अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात येते. १९१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल, लेनर्ड राउंट्री आणि बेंजामिन टर्नर या तिघांनी एक अजब उपकरण मांडले. कुत्र्याचे रक्त कोलोडियनच्या बारीक नळ्यांमधून फिरवायचे. नळ्यांभोवती क्षारयुक्त पाणी. रक्तातील लहान रेणू नळीच्या भिंतीतून बाहेर झिरपत आणि रक्त पुन्हा प्राण्याच्या अंगात जाई. रक्त गोठू नये म्हणून जळवांच्या डोक्यांतून काढलेले हिरुडिन वापरले जाई. कृत्रिम मूत्रपिंडाचा हा आरंभ.

११/
दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, राउंट्री हेच नाव दुसऱ्या एका शोधनिबंधावर दिसते. या वेळी सोबत होते नॉर्मन कीथ आणि गेराघ्टी. विषय: रक्तद्रव आणि रक्त यांचे आकारमान कसे मोजावे. त्यांनी व्हायटल रेड नावाचा लाल रंग शिरेत टोचला, तो रक्तात मिसळू दिला आणि मग रक्तद्रवाचा नमुना घेऊन रंग किती फिका पडला ते पाहिले. रांजण आणि नीळ. फक्त रांजणाच्या जागी जिवंत माणूस.

१२/
हा रंग निवडण्याचे कारण होते. तो निरुपद्रवी होता आणि रक्तवाहिन्यांतून लगेच निसटत नव्हता. पुढे १९२०च्या सुमारास डॉसन, इव्हान्स आणि व्हिपल यांनी अनेक रंगांची पारख केली. त्यातून इव्हान्स ब्लू हा निळा रंग पुढे आला आणि दीर्घकाळ तोच प्रमाण मानला गेला. त्याचे दुसरे नाव टी-१८२४. यातील १८२४ हे साल नव्हे, तो केवळ रंगाचा क्रमांक आहे.

१३/
म्हणजे १९१५ पर्यंत दोन्ही गोष्टी जन्माला आल्या होत्या: रक्त शुद्ध करणारे यंत्र आणि रक्त मोजणारी रीत. दोन्हींवर एका माणसाच्या हाताचा ठसा होता. तरीही पुढली कित्येक दशके त्या दोन वाटा वेगवेगळ्या चालल्या. आधी यंत्राची वाट पाहू.

१४/
१९२४ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे गेऑर्ग हास यांनी माणसावर पहिले डायलिसिस केले. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. नाझींच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, कॅम्पेन या छोट्या गावात, विलेम कॉल्फ या तरुण डॉक्टरने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सेलोफेनची लांबलचक नळी गुंडाळली. ही नळी मुळात सॉसेज भरण्यासाठी बनवलेली. पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरत राही. मार्च १९४३ पासून कॉल्फ रुग्णांवर उपचार करू लागले. एकामागून एक रुग्ण दगावत गेले.

१५/
सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांच्या सोफिया शाफस्टाट बेशुद्धावस्थेत त्यांच्याकडे आल्या. नाझींना साथ दिल्याच्या आरोपावरून त्या कैदेत होत्या. गावात त्यांच्याविषयी कुणाला ममता नव्हती. कॉल्फ यांनी तरीही यंत्र लावले आणि त्या शुद्धीवर आल्या. या यंत्राने जगवलेल्या त्या पहिल्या रुग्ण मानल्या जातात. पण या पिंपात एक उणीव होती. रक्तातले विष निघे. पाणी मात्र हवे तितके, मोजून काढता येत नसे.

१६/
ती उणीव स्वीडनमधील लुंड येथे निल्स आल्वाल यांनी १९४६-४७ मध्ये दूर केली. त्यांनी सेलोफेनची नळी कडक आवरणात बंद केली. त्यामुळे आत-बाहेर दाबाचा फरक निर्माण करता येऊ लागला आणि त्या दाबाने पाणी गाळून काढणे शक्य झाले. विहिरीवर जणू पंप बसला. उपशाचा वेग आता माणसाच्या हाती आला होता. विहिरीत किती पाणी आहे, हे मात्र अजूनही कुणी पाहू शकत नव्हते.

१७/
तोवर डायलिसिस म्हणजे तात्पुरता इलाज होता, कारण प्रत्येक वेळी रक्तवाहिनी नव्याने उघडावी लागे. ९ मार्च १९६० रोजी अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर आणि अभियंता वेन क्विन्टन यांनी बनवलेली टेफ्लॉनची नळी क्लाइड शील्ड्स या यंत्र-कारागिराच्या हातात बसवली गेली. ती हातातच राहणार होती. शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगले. डायलिसिस आता आयुष्यभराची सोबत बनले आणि पाणी किती काढायचे, हा प्रश्न दर आठवड्याचा झाला.

१८/
या प्रश्नाला १९६७ मध्ये थॉमसन आणि सहकाऱ्यांनी एक उत्तर दिले. आज प्रत्येक डायलिसिस विभागात तोंडी असलेला शब्द त्यातून रूढ झाला: ड्राय वेट. व्याख्या अशी: पाणी काढत काढत ज्या वजनाला रक्तदाब कोसळतो आणि त्याला दुसरे काही कारण दिसत नाही, ते वजन. नीट वाचले तर ही व्याख्या अस्वस्थ करते. मर्यादा कळण्यासाठी मर्यादा ओलांडावी लागे. मोजपट्टी दुसरी नव्हतीच. रुग्णाचा त्रास हीच मोजपट्टी.

१९/
शिवाय वजनकाट्याला पाणी आणि मांस यांतला भेद कळत नाही. आजारपणात रुग्णाचे स्नायू झडले आणि त्या जागी पाणी साचले तर काटा तोच आकडा दाखवतो. अंगात पाणी जास्त राहिले की हृदयावर भार पडतो, फुप्फुसांत पाणी होते, रक्तदाब चढतो. फार काढले की रक्तदाब कोसळतो आणि हृदयाला, मेंदूला रक्त कमी पडते. दोन्हीकडे धोका, मधली वाट अरुंद आणि हाती केवळ एक वजनकाटा.

२०/
मग रक्त मोजण्याची दुसरी वाट तोवर कुठे पोहोचली होती? १९४० मध्ये हान आणि जॉर्ज हेवेशी यांनी तांबड्या पेशींना किरणोत्सर्गी फॉस्फरसची खूण केली. १९५० मध्ये स्टर्लिंग आणि ग्रे यांनी त्यासाठी क्रोमियम-५१ वापरले. रक्तद्रवासाठी किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले अल्ब्युमिन होते. अचूकता मोठी, पण वेळखाऊ काम आणि किरणोत्सर्गाचा संसर्ग. संशोधनात ते खपे. आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षे, प्रत्येक रुग्णावर ते करणे अशक्य होते.

२१/
१९९०च्या दशकात वाट अचानक सोपी झाल्यासारखी वाटली. संशोधकांनी एक सुंदर गोष्ट हेरली. डायलिसिसमध्ये पाणी जाते, पण तांबड्या पेशी जात नाहीत. म्हणजे बाहेरून रंग टोचण्याची गरजच नाही. रक्ताचा स्वतःचा लाल रंगच नीळ म्हणून वापरता येतो. पाणी निघेल तसे रक्त दाट होणार. शरीराबाहेरच्या नळीवर प्रकाशाचा झोत टाकून हा दाटपणा क्षणोक्षणी वाचता येतो, एक थेंबही रक्त न काढता.

२२/
अमेरिकेतील क्रिट-लाइन हे उपकरण प्रकाशावर चालणारे. युरोपात ध्वनितरंगांचा मार्गही निघाला. रक्तात प्रथिने जितकी दाट, तितका त्यातून जाणाऱ्या ध्वनीचा वेग अधिक. अशी यंत्रे पडद्यावर एक रेषा काढत. सुरुवातीला १०० टक्के, मग ९५, ९०, ८५. कोसळण्यापूर्वीच विहिरीची पातळी दिसू लागली, असा आनंद झाला.

२३/
या आनंदाची परीक्षा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लाइंब नावाच्या अमेरिकी चाचणीत झाली. ४४३ रुग्ण, सहा महिने. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने दोन गट पाडले: २२७ जणांवर क्रिट-लाइनची नजर, २१६ जणांवर नेहमीची देखरेख. अपेक्षा होती की उपकरणाच्या गटात रुग्णालयात भरती होण्याचे प्रसंग कमी होतील. निकाल उलटा आला. भरतीचे प्रसंग तर वाढलेच. सहा महिन्यांतील मृत्युप्रमाणही उपकरणाच्या गटात ८.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ३.३ टक्के निघाले.

२४/
हा निकाल घाईने वाचू नये. नेहमीच्या देखरेखीच्या गटातील मृत्यू एरवीच्या मानाने विलक्षण कमी होते, हे संशोधकांनीच नोंदवले. उपकरणानेच माणसे दगावली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण नुसती रेषा पाहून रुग्ण सुरक्षित होतो, हा भरवसा मात्र ढासळला. असे का व्हावे? त्याचे एक कारण त्या रेषेच्या आरंभबिंदूतच आहे.

२५/
समजा दोन रुग्ण आहेत, दोघेही ७० किलोंचे. पहिल्याच्या अंगात सुरुवातीला साडेसहा लिटर रक्त. ते १५ टक्के घटले तरी साडेपाच लिटर उरते. दुसऱ्याकडे मुळात साडेचार लिटर. त्यात ५ टक्के घट झाली तर सव्वाचार लिटर उरते. पडद्यावर पहिल्याची रेषा घसरलेली आणि दुसऱ्याची जवळजवळ सपाट. खरा धोका मात्र दुसऱ्याला. यंत्र दोघांच्याही आरंभाला १०० टक्केच म्हणते.

२६/
किती घटले, हे कळले होते. किती आहे, हे कळले नव्हते. आणि नेमका हाच प्रश्न १९१५ मध्ये राउंट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला होता. लेहमान, वेल्कर, हॉल्डेन यांनीही तोच विचारला होता. टक्केवारीच्या झगमगाटात जुना प्रश्न मागे पडला होता.

२७/
त्याचे उत्तर पुन्हा जुन्याच तत्त्वातून आले. २०१४ च्या सुमारास ऑस्ट्रियातील ग्राझचे डॅनिएल श्नेडिट्झ आणि बर्लिनचे सुझान व योआखिम क्रोन यांनी एक रीत मांडली. आधुनिक यंत्रे अतिशुद्ध द्रव तिथल्या तिथे तयार करून रक्तात सोडू शकतात. त्यांनी २४० मिलीलिटर द्रव झटपट सोडला आणि पडद्यावरची रेषा किती टक्के वर उडी घेते ते पाहिले. रंग नाही, वायू नाही, किरणोत्सर्ग नाही. नीळ म्हणून निव्वळ खारे पाणी.

२८/
हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. २४० मिलीलिटरने रेषा ५ टक्के चढली, तर ५ टक्के म्हणजे २४०; म्हणून १०० टक्के म्हणजे ४,८०० मिलीलिटर. रेषा फक्त ४ टक्के चढली, तर रक्त ६,००० मिलीलिटर. उडी लहान, तर रक्त जास्त. सोडलेल्या द्रवातला काही भाग लगेच ऊतींत झिरपतो, म्हणून थोडी दुरुस्ती करावी लागते. रांजण झिरपता कामा नये, ही जुनी अट इथेही पाठ सोडत नाही.

२९/
या मापनातून क्रोन आणि सहकाऱ्यांनी एक उंबरठा सुचवला: किलोमागे ६५ मिलीलिटर. त्याखाली रक्त गेले की त्रास होण्याची शक्यता वाढते. ७० किलोंच्या माणसासाठी ही सीमा ४,५५० मिलीलिटरवर येते. वर सांगितलेला दुसरा रुग्ण आठवावा. पडद्यावर सुरक्षित दिसणारा तो माणूस डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच या सीमेच्या खाली होता.

३०/
ही रीत अजून सर्वत्र रुळलेली नाही. असा द्रव सोडणारी यंत्रे प्रत्येक विभागात नसतात आणि वजनकाटा, पायांवरची सूज, रक्तदाब, अनुभवी डोळे यांची जागा एकटा आकडा घेऊ शकत नाही. झऱ्यांचा वेग माणसागणिक वेगळा. हृदयाची ताकद वेगळी. पण आता निदान विहिरीत डोकावता येते.

३१/
इतिहासाच्या वाचकाने यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. विज्ञान पुढे जाते म्हणजे जुने प्रश्न सुटतातच असे नाही. कधी कधी नवे साधन एका वेगळ्या, सोप्या प्रश्नाचे उत्तर अचूक देते आणि मूळ प्रश्न सुटला असा भास होतो. किती घटले आणि किती उरले, या दोन प्रश्नांतले अंतर कागदावर एका शब्दाचे आहे. खाटेवर ते कुणाच्या तरी जिवाचे असते.

३२/
आणि म्हणून तो पहिला प्रसंग पुन्हा आठवावा. चौथा तास, जांभई, पोटरीतला पेटका, धावत आलेली परिचारिका. ती घाईघाईने सोडते ते थोडेसे सलाईनही रक्तवाहिन्यांत पाणी घालून पातळी सावरण्याचाच उपाय असतो. तेच पाणी आधी, शांतपणे, मोजून सोडले आणि रेषेकडे पाहिले, तर पुढच्या वेळी त्या परिचारिकेला कदाचित धावत यावे लागणार नाही.

(समाप्त)

#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास #मराठी_थ्रेड